वीस गुंठे गवत आणि कापायचे यंत्र : कामाच्या नोंदी

२८ ऑगस्ट

माहितीपत्रकांचा ढीग झाला आहे. प्रत्येकावर अश्वशक्ती ठळक, सीसी ठळक, आणि कापणीची रुंदी कुठेतरी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. आज ती सगळी बाजूला ठेवली आणि टेप घेऊन जमिनीवर गेलो.

क्षेत्र वीस गुंठे, म्हणजे २०२३ चौरस मीटर. गवत कमरेइतके, खालच्या अंगाला छातीपर्यंत. झाडांच्या दोन रांगा, मधे अडीच मीटर जागा. फाटक ११० सेंटिमीटर. या शेवटच्या आकड्याने निम्मी माहितीपत्रके रद्दीत गेली, कारण ट्रॅक्टरमागचा पाच फुटी स्लॅशर, म्हणजे आडव्या फिरत्या जड पात्यांचे यंत्र, आत येणारच नाही. फाटक रुंद करायचे तर दगडी खांब हलवायचा, आणि तो खर्च यंत्राच्या खर्चात धरावा लागेल.

उतार मोजायला दोन मीटरची सरळ फळी वापरली. वरचे टोक जमिनीला टेकवायचे, लेव्हल बघत फळी समपातळीत धरायची आणि खालच्या टोकाखालची पोकळी मोजायची. बहुतेक ठिकाणी ३५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे १० अंशांच्या आसपास. ओढ्याकडच्या पट्ट्यात मात्र ६० सेंटिमीटर भरली. तो उतार १७ अंशांच्या जवळ जातो. बसून चालवायच्या बहुतेक मोवरना उत्पादक १५ अंशांची मर्यादा घालून देतात, काही तर १० ची. तेव्हा त्या पट्ट्यात बसून कापायचा विषय संपला. उरलेल्या जमिनीवर ते चालले असते, पण लॉनसाठी बनवलेल्या यंत्राने कमरेइतके गवत कापायचे म्हणजे यंत्राचे बेल्ट जळायचे. तोही पर्याय खोडला.

३० ऑगस्ट

काठीने चाचपत सगळी जमीन तुडवली. दगड उचलले, जे उचलता येईनात त्यांच्याशेजारी बांबूच्या काठ्या रोवून वर पांढरी चिंधी बांधली. जुन्या कुंपणाची गंजलेली तार गवताच्या बुडाशी गुंडाळी होऊन पडलेली सापडली. ती ओढून काढण्यात सकाळ गेली. हे काम कुठल्याही यंत्राआधीच करा. फिरते पाते दगड भिरकावते आणि तार स्वतःभोवती गुंडाळून घेते.

मग एक मीटर बाय एक मीटरची काठ्यांची चौकट केली, ठिकठिकाणी टाकली, आतले गवत विळ्याने कापून वजन केले. सरासरी १.२ किलो आली. म्हणजे पूर्ण जमिनीवर साधारण २४०० किलो ओले गवत. त्यातले तीन चतुर्थांश पाणी धरले तरी वाळल्यावर, काडीत राहणारा थोडा ओलावा धरून, सातशे किलोच्या आसपास उरते.

आतापर्यंत मी कापायचे कसे एवढाच विचार करत होतो. अडीच टन ओझे जाणार कुठे, याचा नाही. तसेच पसरून ठेवले तर जाड थर बसतो, खालचे गवत पिवळे पडून कुजते आणि पुढच्या कापणीला तोच थर पात्यात येतो. शेजारच्या काकांकडे जनावरे आहेत. त्यांना विचारले.

"देशील तर नेईन," काका म्हणाले. "पण भुगा करून देऊ नकोस हं. मातीचा भुगा जनावर हुंगून सोडून देतं. आणि ओल्या भुग्याचा ढीग लगेच तापतो. मला अख्खी काडी हवी."

अख्खी काडी. म्हणजे गवत बुडाशी एकदाच कापले गेले पाहिजे, वर तुकडे होता कामा नयेत. फ्लेल (लोंबत्या छोट्या पात्यांनी गवत चुरडणारे यंत्र) आणि स्लॅशर दोन्ही नेमके उलटे करतात. गवताचे पुढे काय करायचे हे ठरले की यंत्र जवळजवळ आपोआप ठरते, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

२ सप्टेंबर

घरात ३५ सीसीचा, चार स्ट्रोकचा ब्रशकटर आहे, म्हणजे खांद्याला पट्ट्याने अडकवून चालवायचे, लांब दांड्याच्या टोकाला फिरते डोके असलेले यंत्र. नवे काही घेण्याआधी त्याच्याकडून किती निघते ते बघायचे ठरवले.

सुरुवात नायलॉन दोरीच्या डोक्याने, २.४ मिलिमीटर दोरी. गुडघ्यापर्यंतच्या कोवळ्या गवतात छान चालले. उंच गवतात बोंब. दोरी काडी कापत नाही, तिला झोडपते. लांब काड्या आडव्या होऊन डोक्याच्या वरच्या भागाला, दांड्यापाशी, दोरखंडासारख्या वेटोळे घालून बसतात. थांबा, इंजिन बंद करा, चाकूने कापून काढा, पुन्हा चालू करा. हे इतक्या वेळा झाले की कापण्यापेक्षा सोडवण्यात जास्त वेळ गेला. जाड, ३ मिलिमीटर दोरी लावली तर इंजिन घुसमटायला लागले.

दुसरे म्हणजे दोरी झिजते ती कुठे जाते? तुकडे तुकडे होऊन गवतात. काकांच्या जनावरांच्या पोटात नायलॉन घालायची माझी इच्छा नाही. दोरीचे डोके आता फक्त कुंपणाकडेला आणि दगडांभोवती. जुनी दोरी कडक होऊन तुटत असेल तर रिळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, ती बरीच नरमते. एवढी एक युक्ती मात्र पदरात पडली.

५ सप्टेंबर

दोरी काढून २५५ मिलिमीटरचे तीन दात्यांचे पाते बसवले. नट उलट्या आट्याचा असतो, म्हणजे सैल करायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. जोर लावून उलटीकडे पिळत बसलात तर आटे जातील.

पात्याने एकदम वेगळे काम दिले. वरून पाहिले तर ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, म्हणून कापायचे उजवीकडून डावीकडे. कापलेले गवत डाव्या हाताला ओळीत पडते आणि काडी बऱ्यापैकी अख्खी राहते. पात्याच्या पुढच्या उजव्या चतुर्थांशाने खोडाला किंवा दगडाला धडकू द्यायचे नाही. तिथे आपटले की अख्खे यंत्र उसळी मारते. खांद्याचा पट्टा नीट आवळलेला असेल आणि दोन हातांची मूठ असेल तरच ती उसळी आवरते. तोंडावर जाळीचा मुखवटा, आत चष्मा, कानावर आवाज अडवणारी बोंडे, पायात जाड बूट. आसपास १५ मीटरच्या आत कोणी नको.

एक गुंठा दोरीने आखून वेळ लावली. पंचवीस मिनिटे. वीस गुंठ्यांना आठ तासांहून थोडे अधिक, तेही न थांबता. न थांबता कोण करणार? पेट्रोलची टाकी संपेपर्यंत हाताच्या बोटांना मुंग्या येतात. कंपनामुळे येणाऱ्या या मुंग्यांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर बोटे पांढरी पडून बधिर होण्याचा त्रास कायमचा मागे लागतो. एका दमात जास्तीत जास्त एक टाकी, मग यंत्र खाली.

पेट्रोल तासाला पाऊण लिटरच्या आतबाहेर. दोन स्ट्रोकचे यंत्र असणाऱ्यांनी ऑइलचे प्रमाण पुस्तिकेतूनच घ्यावे : ५०:१ ला लिटरमागे २० मिलिलिटर, २५:१ ला ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये, आणि महिन्याहून जुने मिश्रण वापरू नये.

निकाल : ब्रशकटर ठेवायचा, पण वीस गुंठ्यांचे मुख्य यंत्र म्हणून नाही.

६ सप्टेंबर

बॅटरीवरच्या ब्रशकटरबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून हा हिशेब. ४० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे २०० वॉट-तास. दाट गवतात मोटर ८०० वॉट ओढते असे धरा. पंधरा मिनिटे. माझा एक गुंठासुद्धा होत नाही. अंगणाच्या कडेला, झाडाच्या आळ्याभोवती उत्तम, आवाज कमी, धूर नाही. मोठ्या रानाला नाही.

९ सप्टेंबर

भाच्याने त्याचा ढकलायचा लॉनमोवर आणून दिला. त्याची सर्वांत वरची उंची ७५ मिलिमीटर. दोन पावले पुढे, इंजिन बंद. पुढची दोन चाके उचलून गवतावर थोडे थोडे टेकवत गेलो तर चालते, पण पाते उघडे पडते आणि ही पद्धत मी कुणालाही सांगणार नाही. यंत्र परत केले.

१४ सप्टेंबर

भाड्याने दोन चाकी, मागून पायी चालवायच्या ट्रॅक्टरवरचा फ्लेल आणला. काकांना भुगा नको होता तरी आणला, कारण ओढ्याकडच्या पट्ट्यात गवतापेक्षा काटेरी झुडुपे आणि घाणेरी जास्त. ते कोणी नेणार नाही, तिथेच जिरवायचे.

त्या कामाला फ्लेलला तोड नाही. आडव्या दांड्यावर लोंबणारी छोटी पाती फिरतात आणि आडवे येईल ते चुरडतात. दगड लागला तर पाते मागे वळते, त्यामुळे सहसा तुटत नाही. अंगठ्याएवढी झुडुपे गेली. उतारावर आडवे चालवताना चाक खाली सरकत होते, म्हणून हँडल वरच्या बाजूला वळवून धरावे लागले. पट्टा झाल्यावर कुतूहलाने चांगल्या गवतात चार ओळी मारल्या. ओला हिरवा लगदा, त्यात माती. काकांनी पायाने चाळवून पाहिला आणि काही न बोलता गेले.

भाडे तासावर होते. यंत्र आणायचा आणि परत न्यायचा खर्च बिलाच्या निम्मा निघाला. दर वर्षी एकदा झुडुपांसाठी भाड्याने आणायला हरकत नाही. वर्षातून दोनतीनदा गवतासाठी आणायचे तर वाहतुकीतच पैसे जातील.

१७ सप्टेंबर

स्काइथ, म्हणजे दोन हातांनी उभ्याने चालवायचा लांब दांड्याचा विळा. उसना घेतला. पाते ६५ सेंटिमीटर. सरावलेला माणूस याने दिवसात एक एकर कापतो असे जुने माप आहे. मी सरावलेला नाही.

पण ज्यांची जमीन याहून लहान आहे त्यांनी हा विचार जरूर करावा. पहाटे दव असताना गवत रसरशीत असते, पाते सपकन जाते. ऊन चढले की तेच गवत चिवट होते. दर काही मिनिटांनी ओल्या दगडाने पाजवावे लागते. आणि दगडाने भागेनासे झाले की धार छोट्या ऐरणीवर हातोडीने ठोकून पातळ करावी लागते. हे ठोकणे शिकायलाच वेळ लागतो. माझ्या ठोकण्याने धार लाटेसारखी वेडीवाकडी झाली, ती जाणत्या माणसाकडून सरळ करून घेतली. पात्याची टाच जमिनीला टेकवून, कमरेतून वळत, अर्धगोल फिरवायचे. हात उचलून मारले की टोक मातीत घुसते.

पेट्रोल शून्य, आवाज शून्य, काडी अख्खी, ओळ नीट. झाडांच्या रांगांमधला भाग मी याने केला आणि मन लावून केला. उरलेल्यासाठी माझी पाठ तयार नाही.

२१ सप्टेंबर

आता उरला सिकल बार. पुढे आडवी पट्टी, तिला पुढे आलेली लोखंडी बोटे, आणि बोटांमधून डावीउजवीकडे सरकणारी त्रिकोणी पात्यांची रांग. कात्रीचे काम आहे. काडी एकदाच कापली जाते आणि आहे तशी मागे पडते. गवताचा चुरा करायचा नसल्यामुळे शक्ती कमी लागते. पाच-सहा अश्वशक्तीचे इंजिन ९० सेंटिमीटर पट्टीला पुरते. फ्लेलला तेवढ्याच रुंदीसाठी बरीच जास्त लागेल.

कागदावरचा हिशेब : ०.९ मीटर रुंदी, ताशी ३ किलोमीटर चाल, म्हणजे तासाला २७०० चौरस मीटर. वळणे, एकावर एक येणारी कड, थांबणे यात चतुर्थांश ते एक तृतीयांश जाते. राहिले १८०० ते २००० चौरस मीटर. सव्वा तास धरू. ९० सेंटिमीटर पट्टी फाटकातूनही जाते. उतारावर आडवी चालते, कारण वजन खाली आणि माणूस मागे पायी.

नवे यंत्र आवाक्याबाहेर. वापरलेले एक पाहिले. माझ्या ब्रशकटरच्या नव्या किमतीच्या साधारण दुप्पट सांगितले. घेण्याआधी काय पाहिले ते सविस्तर लिहितो.

इंजिन थंड असताना चालू करायला लावले. गरम करून ठेवलेले यंत्र लगेच चालू होते, त्यावरून काही कळत नाही. मग बंद करून, प्लगची वायर काढून, पट्टी हाताने डावीउजवीकडे हलवली. ती सरकायला हवी, पण वरखाली खडखडायला नको. चालवणाऱ्या टोकाशी, जिथे फिरती गती सरकत्या गतीत बदलते, तिथला ढिलेपणा पाहिला. तो भाग झिजला असेल तर दुरुस्ती महाग. एक बोट वाकलेले होते. वाकलेले बोट ठोकून सरळ करता येते, तुटलेले बदलावे लागते. तीन त्रिकोणी पात्यांचे टवके उडालेले, दोन रिव्हेट सैल. हे सगळे बदलता येते म्हणून किमतीत उतरवून घेतले. गिअरबॉक्सचा प्लग काढून तेल बघितले : काळे चालेल, दुधाळ असते तर पाणी शिरलेले. शेवटी हँडलचा सुरक्षा दांडा सोडून पाहिला. सोडल्यावर पाती थांबलीच पाहिजेत. मालकाने तो दांडा तारेने बांधून ठेवला होता. तार सोडायला लावली, मग चाचणी.

आणि सुटी पाती मिळतात का याची चौकशी आधी, सौदा नंतर. रिव्हेटने बसणारी पाती मिळत नसतील तर यंत्र भंगाराच्या भावातही घेऊ नये.

२३ सप्टेंबर

पहिली फेरी. वीसेक पावले झकास, मग पट्टीच्या उजव्या टोकाला गवत कोंबून बसले. मागे घेतले, साफ केले, पुन्हा तेच, पुन्हा तिथेच. काडी कापली जात नव्हती, दुमडून पात्याच्या आणि खालच्या स्थिर धारेच्या मधे शिरत होती. म्हणजे तिथे फट होती.

वरून पाते दाबून धरणाऱ्या क्लिप असतात. उजव्या टोकाच्या दोन झिजून वर आल्या होत्या. हातोडीने हलकेच ठोकून खाली आणल्या. पाते खालच्या धारेला जेमतेम टेकते पण हाताने अजून सरकते, इतपत. जास्त ठोकले तर पट्टी अडकते आणि तापते. टवके उडालेली पाती काढली : रिव्हेटचे डोके ग्राइंडरने घासले, पंचने खाली पाडले, नवी बसवून ठोकली. बाकीच्यांना कानस फक्त वरच्या तिरक्या बाजूने मारली, खालची सपाट बाजू तशीच ठेवली. पूर्ण दिवस गेला, गवत एक गुंठाही कापले नाही.

२४ सप्टेंबर

दव उडाल्यावर सुरुवात. पट्टीखालच्या घसरपट्ट्या ६ सेंटिमीटरवर लावल्या. त्याहून खाली गेले की वारुळांची माती पात्यात येते, आणि मातीने धार जितकी लवकर जाते तितकी गवताने जात नाही.

कडेने गोल गोल आत न जाता मधून सुरुवात करून बाहेर आलो, म्हणजे ससे, पक्ष्यांची पिल्ले, जे काही लपलेले असेल त्याला कुंपणाकडे पळायला वाट राहते. बाहेरून आत गेले की ते शेवटच्या तुकड्यात कोंडले जाते.

दाट जागी चाल कमी केली, पण थ्रॉटल नाही. पात्याची गती इंजिनावर आहे. थ्रॉटल उतरवला की पाती मंदावतात आणि लगेच कोंबते. त्यासाठी खालचा गिअर. अधूनमधून थांबून बोल्ट पाहिले. कंपनाने दोन सैल झाले होते, पान्हा खिशातच असू द्यावा. पट्टीला हात लावण्याआधी इंजिन बंद आणि प्लगची वायर बाहेर, दर वेळी.

थांबण्यासकट दीड तासाला थोडे कमी. पेट्रोल दीड लिटर. कडा आणि काठ्या रोवलेल्या दगडांभोवती ब्रशकटर. त्याला आणखी पाऊण तास.

२७ सप्टेंबर

कापणे संपले की काम संपले असे वाटत असेल तर पुढे वाचा.

गवत पसरणे, उलटणे, संध्याकाळी ओळीत ओढणे, सकाळी पुन्हा पसरणे. आभाळ भरून आले तेव्हा घाईने ढीग केले, दुसऱ्या दिवशी ते फोडून पुन्हा वाळवले. काकांची परीक्षा सोपी आहे : काडी नखाने खरवडायची. साल सुटली तर ओली, गंजीला लावायची नाही. ओलावा २० टक्क्यांच्या वर असताना रचलेली गंजी आतून तापते, बुरशी धरते, फारच झाले तर पेटतेसुद्धा.

माणशी तास मोजले तर वाळवणे आणि भारे वाहणे याला कापण्याच्या कितीतरी पट वेळ गेला. वेगवान यंत्र घेण्यापेक्षा रुंद लाकडी दंताळे आणि फाटकातून जाणारी दोन चाकी गाडी यावर आधी पैसे टाकायला हवेत. दंताळे सुताराकडून करून घेतले. गाडी काकांची.

४ ऑक्टोबर

यंत्र धुतले नाही. पाणी बेअरिंगमध्ये जाते. ब्रशने झाडले, पट्टी काढून तेलाच्या फडक्याने पुसली, फळीला बांधून ठेवली, कारण उघडी पडलेली पट्टी कुणाच्या तरी पायाला लागतेच. टाकीतले पेट्रोल काढून गाडीत ओतले, कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवले. पेट्रोल महिनोन्महिने तसेच राहिले की कार्ब्युरेटरमधले बारीक छिद्र, म्हणजे जेट, चिकटते आणि पुढच्या हंगामाची पहिली सकाळ इंजिन चालू करायची दोरी ओढण्यात जाते.

काकांना त्यांच्या बांधाकडचे गवत कापायला यंत्र हवे आहे. देणार आहे. अट एकच, त्यांच्या जमिनीवरूनही आधी काठीने चाचपत फिरायचे. त्याआधी जास्तीची एक अख्खी पट्टी पाती बसवून तयार ठेवायची आहे, म्हणजे धार गेली की रानात कानस मारत बसावे लागणार नाही. पाती मागवली आहेत, रिव्हेट एक मापाने लहान आले म्हणून परत पाठवले.